सव्वाशे पॅलेटांचा रविवार

सन २००६ची गोष्ट. तेव्हा माझं वय त्रेपन्न. कागदावर एक्कावन्न, कारण आमचे बाबा शाळेत माझं नाव घालायला गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, "पोरगा कधी झाला?" आणि बाबांनी सांगितलं, "भाताची लावणी चालली व्हती." कुठल्या वर्षाची लावणी, ते मास्तरांनीच ठरवून टाकलं. ती शाळा मी चौथीत सोडली. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की हा माणूस काही लपवतोय. वाचनालयाची मंडळी दिवाळी अंकासाठी मागं लागली म्हणून लिहायला बसलो. सुनेनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंय. मजकुराला मी तिला हात लावू दिलेला नाही.

मी राहनाळच्या एका गोदामात मुकादम होतो. मुकादम म्हटलं की लोकांना वाटतं, नुसता ओरडणारा माणूस. ओरडावं लागतं, पण ते काम नव्हे. कारखान्यातून माल निघतो आणि दुकानात जातो. मधे तो कुठंतरी थांबतो. जिथं थांबतो ते गोदाम. साबण, टूथपेस्ट, अगरबत्ती, बिस्किटं, तान्ह्या पोरांची दूध पावडर, सगळं आमच्याकडे थांबून पुढं जायचं. मुकादमाचं काम एवढंच की काय कुठं ठेवलंय ते ध्यानात ठेवायचं आणि कुणी मागितलं की ते गाडीपाशी उभं करायचं. ऐकायला सोपं आहे. दहा हजार खोकी डोक्यात ठेवून बघा.

माझी एक पद्धत होती. ते गोदाम उभं आहे ती जागा म्हणजे आमच्या गावचीच भातशेती. सिमेंटचा कोबा झाला, वर पत्रे आले, तरी मला खाली शेतं दिसायची. म्हणून मी गोदामातल्या जागांना शेतांचीच नावं ठेवली. पूर्वेच्या कोपऱ्यात उंबर होता, तो भाग उंबर. मधे विहीर होती, ती विहीर. खाडीकडच्या भिंतीला खाजण. टोळीत माझ्यासकट अठरा माणसं, काही आमच्या गावची, काही डोंगराकडच्या पाड्यांवरची, काही कापडाचे लूम बंद पडल्यावर आमच्याकडं आलेली उत्तरेची. सगळ्यांना ही नावं पाठ. आमचे फोर्कलिफ्ट चालवणारे इस्माईलभाई, जौनपूरकडचे, त्यांनी आयुष्यात आमचा उंबर बघितला नव्हता, पण गाडीवरून ओरडायचे, "दादा, ये साबुन उंबर पे डाल दूँ या खाजन में?" खाजणात ओल असते, तिथं साबण घालायचा नाही, हे त्यांना कळायचं. नावातच सगळं होतं.

आणखी एक नियम. वासाचा माल आणि खाण्याचा माल शेजारी ठेवायचा नाही. हा मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. मुंबईच्या एका कंपनीचा माल आमच्याकडं येण्याआधी एका व्यापाऱ्याचा माल असायचा, तेव्हाची गोष्ट. एकदा पाऊस लागला म्हणून घाईत बिस्किटांची थप्पी अगरबत्तीला टेकून लावली. आठ दिवसांनी पनवेलचा एक दुकानदार टेम्पो घेऊन परत आला. उतरला, एक पुडा फोडला आणि माझ्या हातावर बिस्किट ठेवलं. म्हणाला, "मुकादम, खा." मी खाल्लं. "कसं लागतं?" मी म्हटलं, "देवळात बसल्यासारखं." तो हसला नाही. सगळा टेम्पो परत घ्यावा लागला. त्या दिवसापासून मी वासाचा माल एका टोकाला आणि तोंडात जाणारा माल दुसऱ्या टोकाला ठेवला. वीस वर्षांत परत कुणी मला बिस्किट खायला लावलं नाही.

आणि मग त्या वर्षी कम्प्युटर आला.

आधी लोखंडी रॅक आले, चार मजल्यांचे. मग रॅकच्या प्रत्येक खणावर काळ्या पट्ट्यांचं स्टिकर. मग खोक्यांवर स्टिकर. मग ती गन. टोळी तिला पिस्तूल म्हणायची. इस्माईलभाई म्हणाले, "बंदूक भी आ गई दादा, अब बस वर्दी बाकी है." खोक्यावर गन मारायची, खणावर गन मारायची, की कम्प्युटरला कळतं, हे खोकं या खणात गेलं. काढताना कम्प्युटर खणाचा नंबर देतो. तिथं जाऊन गन मारायची. बरोबर असेल तर हिरवा दिवा, चूक असेल तर लाल आणि टूं टूं.

ते सगळं बघायला कंपनीनं वैशाली मॅडमना पाठवलं होतं. सांगलीकडच्या, वय पस्तिशीच्या आत-बाहेर, आवाज कधी चढवायच्या नाहीत. मला दादा म्हणायच्या. पहिल्याच दिवशी गन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "दादा, तुम्ही सुरुवात करा." मी म्हटलं, "मला त्याची गरज नाही. मला माहीत आहे माल कुठं आहे." त्या म्हणाल्या, "ठीक आहे, मग दुसरं कोण?" गन जानू मुकणेच्या हातात गेली.

जानू डोंगराकडच्या पाड्यावरचा. चाळिशीचा गडी, अक्षरओळख शून्य. अंगठा करायचा. दोन दिवसांत तो गन चालवायला लागला. मी त्याला विचारलं, "जानू, तुना नंबर वाचता येत न्हाय, मग चालवतंस कसा?"

"दादा, त्यात वाचाचा काय? तांबडा झाला त चुकला, हिरवा झाला त बराबर."

हे माझ्या डोक्यात बसेना. मी मुकादम झालो तो खोक्यावरचं नाव वाचता येत होतं म्हणून. चौथीच्या जोरावर. आणि आता ज्याला वाचता येत नाही तो माझ्यापेक्षा चटपट माल काढत होता. मी चिडलो होतो का? होतो. पण चिडण्यापेक्षा जास्त गोंधळलो होतो. मग शाळेत जायचं तरी कशाला?

त्याहून मोठा घोळ पुढं होता. कम्प्युटर माल कुठंही ठेवायला सांगायचा. जो खण रिकामा असेल तो. साबणाची एक पॅलेट विहिरीवर, दुसरी खाजणात, तिसरी दारापाशी. पॅलेट म्हणजे लाकडी फळकुटांची बैठक, तिच्यावर खोकी रचतात. एकाच जातीचा माल वीस ठिकाणी. मी मॅडमना म्हटलं, "हे गोदाम आहे की जुना बाजार?" त्यांनी मला समजावून सांगितलं. रिकामी जागा वाया जात नाही. जो माल आधी बनला तो आधी निघतो. माणसाचं चालणं वाचतं. सगळं ऐकलं. शब्दन् शब्द कळला, आणि सगळं मिळून काही कळलं नाही. शिवाय गाड्या पूर्वीपेक्षा लवकर भरायला लागल्या. पसारा वाढला आणि काम वेगात होऊ लागलं. हे कसं होतं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

एक दिवस मी बघितलं, दूध पावडरच्या डोक्यावर साबण, आणि शेजारच्या खणात अगरबत्ती. मॅडमना बोलावून दाखवलं. म्हणाल्या, "दादा, डबे सीलबंद असतात. वास जात नाही." मी म्हटलं, "बिस्किटंही बंदच व्हती." म्हणाल्या, "मी कळवते वर." वर म्हणजे कुठं, ते काही समजलं नाही.

त्यातच बातमी आली. मानकोली नाक्यापाशी नवी मोठी गोदामं झाली होती. उंच छत, गुळगुळीत फरशी, आणि हमालांची स्वतःची टोळी. आमच्या कंपनीला त्यांनी बोलावणं दिलं होतं. मुंबईचे मोठे साहेब सोमवारी आमचं गोदाम बघायला येणार आणि मग ठरवणार, राहनाळला राहायचं की मानकोलीला जायचं. कंपनी गेली की आमचं गोदाम रिकामं, आणि अठरा जणांची टोळी घरी. गणपती दहा दिवसांवर आले होते.

मी विचार केला, साहेब दारातून आत येणार आणि पहिला काय बघणार? हा पसारा. घरात पाहुणा यायच्या आधी माणूस अंथरुणाची वळकटी तरी करतो.

रविवारी सकाळी मी शटरची किल्ली घेतली आणि टोळीतल्या नऊ जणांना बोलावलं. इस्माईलभाई आले, जानू आला. मी सांगितलं, सगळा माल जातीनं लावायचा. साबण एका बाजूला, टूथपेस्ट एका बाजूला, अगरबत्ती खाजणाच्या टोकाला, पण ओल लागू नये म्हणून वरच्या खणांत, दूध पावडर सगळी उंबरावर.

जानू म्हणाला, "दादा, गन मारल्याबगार माल हलवाचा न्हाय. मॅडम बोलल्यात."

"गन कुठं हाय?"

"मॅडमच्या कपाटात. कुलूप हाय."

"मॅडम घरी हायेत, गन कपाटात हाय, आन् माल माझ्यासमोर हाय. काय बोलतंस?"

तो पुढची पॅलेट ओढायला गेला. जानू असाच. पटलं नाही तरी माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. हे मी आता लिहितोय, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आठ वाजता सुरू केलं, पाचला संपवलं. सव्वाशे पॅलेट. शेवटी दारात उभं राहून बघितलं. सगळ्या रांगा सरळ, एका रंगाच्या खोक्यांची भिंत, मग दुसऱ्या रंगाची. इस्माईलभाई घाम पुसत म्हणाले, "दादा, आज गोदाम दुल्हन लग रहा है." मला खरं सांगायचं तर घरी जाववेना.

सोमवारी नऊ वाजता साहेब मॅडमच्या गाडीतून आले. आत फिरले. "वेरी नीट," म्हणाले. माझा हात हातात घेतला. "मुकादमजी, अच्छा रखा है." मॅडम म्हणाल्या, "आज काहीतरी वेगळं दिसतंय." मी गालात हसलो. बाहेर अकरा गाड्या लागल्या होत्या, सणाचा माल.

साडेनऊला जानूनं पहिल्या खणावर गन मारली. टूं टूं. लाल.

मॅडम म्हणाल्या, "स्टिकर फाटलं असेल, पुढचं घे." पुढचा खण, लाल. तिसरा, लाल. जानू माझ्याकडं बघेना, जमिनीकडं बघायला लागला. मॅडम कम्प्युटरवर जाऊन आल्या, एका खणापाशी उभ्या राहिल्या, हातातला कागद बघितला, खोकं बघितलं.

"दादा, इथे टूथपेस्ट हवी. अगरबत्ती कशी आली?"

"मी आणली. काल. जो जो माल चुकीच्या जागी होता तो बरोबर जागी लावला."

"चुकीच्या जागी काहीच नव्हतं, दादा."

"साबणाखाली पोरांचा दूध ठेवला व्हता, तो काय बरोबर?"

त्यांनी हातातला कागद खाली केला. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही सव्वाशे घरांमधली माणसं एका दिवसात इकडची तिकडे केलीत. आणि पोस्टमनच्या पिशवीत जुनेच पत्ते आहेत."

हे मात्र मला पटकन कळलं. मी गोदामाला रांगेत लावलं होतं, आणि कम्प्युटरच्या दृष्टीनं सगळा माल हरवला होता. माझ्या समोर, उजेडात, सरळ रांगेत उभा असलेला माल हरवला होता.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "कितनी गाड़ी है?"

"अकरा."

"निकालो. कैसे भी निकालो."

तेव्हा मी पुढं झालो. म्हटलं, "गाड्या निघतील. मी सांगतो तसा माल काढा." मॅडम म्हणाल्या, गन मारता येणार नसेल तर निदान प्रत्येक गाडीत काय चढलं आणि त्याचा बॅच नंबर काय, हे हातानं कागदावर लिहून द्या, मी नंतर कम्प्युटरला घालते. एका खेपेला जेवढा माल कारखान्यात बनतो त्याला एक नंबर असतो, तो बॅच नंबर. ठरलं.

पुढचे तीन तास मी कधी विसरणार नाही. मी मधे उभा. "विहिरीवरून चाळीस साबण! खाजणातून अगरबत्ती! उंबर, उंबर, दूध पावडर साठ!" टोळी पळत होती. सतराच्या सतरा जण. कुणाला कागद बघावा लागत नव्हता. एक वाजेपर्यंत सात गाड्या भरून गेल्या. साहेबांनी मोबाईलवर माझा फोटो काढला. इस्माईलभाई ओरडले, "कम्प्यूटर तो यहाँ खड़ा है साब, धोती में!" मी धोतर नेसत नाही, पॅन्टच घालतो, पण मी त्यांना अडवलं नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. हातात आम्ही लिहून दिलेला नाशिकच्या गाडीचा कागद होता.

"नाशिकच्या गाडीत दूध पावडरीची साठ खोकी गेली. कुठून काढलीत?"

"उंबरावरून. पुढची थप्पी."

"ती बॅच होल्डवर होती, दादा."

होल्ड म्हणजे कंपनीनं अडवून ठेवलेला माल. त्या बॅचच्या डब्यांची झाकणं सैल बसली असल्याचा संशय होता. तपासणी होईपर्यंत ती बाहेर जाऊ द्यायची नव्हती. पूर्वी असं काही असलं की कंपनीचा फोन मला यायचा, आणि मी त्या थप्पीला लाल चिंधी बांधायचो. चिंधी असलेल्या मालाला टोळीतला कुणी हात लावायचा नाही.

"मना कोन बोलला?"

"कम्प्युटरमध्ये होतं. कम्प्युटरनं तो खण बंद करून ठेवला होता. त्या खणातून कुणाला काढताच आलं नसतं."

"खोक्यावर काय व्हता? मना काय दिसाला पायजे व्हता?"

तो खण मीच रविवारी रिकामा केला होता. आणि चिंधी बांधायची पद्धत मॅडमनी बंद केली होती. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

गाडी सव्वाअकराला सुटली होती. ड्रायव्हरचा मोबाईल बंद. मी म्हटलं, थांबा, घाबरू नका. हा ड्रायव्हर मला दहा वर्षं माहीत आहे. शहापूरच्या पुढं एका हॉटेलात जेवतो आणि खाटेवर तासभर झोपतो. हॉटेलचा नंबर मला पाठ होता. लावला.

मालक म्हणाला, "आज थांबलाच न्हाय. हात करून गेला. बोलला, आता कंपनीनं टायम लिहून दिलाय, चारला नाशकात गाडी लागली पायजे."

टाईम कुणी लिहून दिला होता? कम्प्युटरनं. मी वजनकाट्यावर तसाच बसलो. काट्यानं माझं वजन दाखवलं असेल, मी बघितलं नाही. मला दहा वर्षांची त्या माणसाची झोप माहीत होती, आणि ती झोपच आता राहिली नव्हती.

इस्माईलभाई शेजारी येऊन बसले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "दादा, मेरी नातिन यही डिब्बा पीती है." एवढंच म्हणाले. चार गाड्या दारात तशाच उभ्या होत्या. साहेब केबिनमध्ये दार लावून बोलत होते.

मॅडमनी नाशिकच्या एजंटला फोन लावला. तो म्हणाला, त्याच्या गोदामाला गाडी लागायच्या आधी जकात नाक्यावर थांबणारच, आज तिथं मोठी रांग आहे. तो स्कूटर घेऊन नाक्यावर गेला. आम्ही दोन तास फोनकडं बघत बसलो. पावणेचारला त्याचा फोन आला. गाडी रांगेत सापडली. साठच्या साठ खोकी जशीच्या तशी.

टोळीनं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझं डोकं कामी आलं नव्हतं. मॅडमची गन कामी आली नव्हती. सगळ्यांनी शिव्या घातलेल्या एका रांगेनं पोरांचं दूध अडवलं होतं. यातून काय शिकायचं, सांगा?

संध्याकाळी साहेब गाडीत बसताना सगळ्यांसमोर मॅडमना म्हणाले, "कल बारह बजे तक रिपोर्ट चाहिए. किसने किया, क्यों किया. लेबर का मामला है तो मानकोली फाइनल समझो." गाडी गेली.

मॅडम मला केबिनमध्ये घेऊन गेल्या. आधी त्यांनी एक काम केलं, त्याचं मला नवल वाटलं. दूध पावडरीची दुसरी एक चांगल्या बॅचची पॅलेट होती, जी महिनाभर साबणाखाली राहिली होती. तिच्यातलं एक खोकं जानू आणि इस्माईलभाईंकडून आणवलं. आत पुठ्ठ्याचे पुडे होते, डबे नव्हते. एक पुडा फोडला आणि हुंगला.

"मला वास येत नाहीये, दादा."

मी हुंगला. मला साबणाचा वास आला. स्पष्ट. जानूला दिला. तो म्हणाला, "जरासा येतंय... का न्हाय येत." इस्माईलभाईंनी दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "हाँ भी और ना भी." माझ्या हातालाच दिवसभर साबणाच्या खोक्यांचा वास लागलेला असू शकतो, हे मला घरी गेल्यावर सुचलं. त्या पुड्याला वास होता की नव्हता, हे आजपर्यंत ठरलेलं नाही.

मग मॅडम म्हणाल्या, "टोळीनं माल हलवला असं लिहिलं तर टोळी जाते. सिस्टिम बिघडली असं लिहिलं तर मी जाते. हातानं गाड्या भरायला परवानगी मीच दिली होती. आणि खोटं मला लिहिता येत नाही. दादा, मी काय लिहू?"

तीस वर्षांत माझ्याकडं प्रश्न घेऊन आलेला माणूस रिकाम्या हातानं गेला नव्हता. त्या संध्याकाळी मी चप्पल घातली आणि घरी आलो.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. कंपनी मानकोलीला गेली, पण दीड वर्षानं. जाताना आमची टोळी बरोबर घेऊन गेली, सतरा माणसं. मला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर गेलो असतो का, तेही सांगता येत नाही. जानूच्या शर्टावर आता सुपरवायझरचा बिल्ला आहे. सही करायला शिकलाय. मॅडमनी रिपोर्टात काय लिहिलं ते मी कधी बघितलं नाही, विचारलंही नाही. मानकोलीच्या गोदामात दूध पावडरीला वेगळी खोली आहे, असं जानू सांगतो. ती माझ्यामुळं झाली, की तिथं आधीपासूनच तसं ठरलेलं होतं? जानूला माहीत नाही. मला माहीत नाही. अडवलेल्या मालाला तिथं चिंधी नाही, पण लाल रंगाची पट्टी लावतात म्हणे. ती कुणाची अक्कल, तेही ठाऊक नाही. लोक मला विचारतात, दादा, जुनं बरं की नवं? मी म्हणतो, दुसरं काहीतरी विचारा.

पण त्या रात्री यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की दुपारी बाराला अठरा माणसांचं ठरणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाला उठलो, कोपऱ्यावरच्या दुकानातून फुलस्केप कागद घेतला आणि शटर उघडायच्या आधी गोदामाच्या ओट्यावर बसून लिहायला सुरुवात केली. मला लिहायची सवय नाही. एक कागद फुकट गेला. दुसऱ्यावर लिहिलं: माल मी हलवला. टोळीनं माझ्या सांगण्यावरून हलवला, त्यांचा दोष नाही. जानू मुकणे यानं मला गन मारल्याशिवाय हलवू नका असं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मॅडमना काही माहीत नव्हतं. खाली पूर्ण सही केली. मग कागद घडी घालायला घेतला, परत उघडला आणि सहीच्या खाली आणखी एक ओळ लिहिली.

आठला मॅडम आल्या. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उभा राहिलो. त्यांनी वाचला. परत वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "दादा, हे वरचं पुरेसं आहे. ही खालची ओळ खोडू या का? साहेबांना उगीच राग येईल."

ती ओळ अशी होती: दूध पावडर साबणाजवळ ठेवू नये.

मी म्हटलं, "न्हाय. ऱ्हाऊ द्या."